जुन्या गाडीच्या हीटरमधील आधीच्या मालकाचे बदल कसे ओळखावेत

आपण निपाणीहून घेतलेल्या जीपचा हीटर गरम हवा देत नाही म्हणून लगेच नवीन भाग मागवू नयेत. आधीच्या मालकाने काय बदलले आणि का बदलले, हे प्रथम समजून घ्यावे. इंजिन पूर्ण थंड असताना बोनेट उघडून, इंजिन आणि केबिन यांमधील पत्र्यातून आत जाणारे दोन रबरी पाइप शोधावेत. ते पाइप तिथे न पोहोचता इंजिनपाशीच एकमेकांना जोडलेले असतील, तर हीटर कोअर (डॅशबोर्डखालचा, केबिनची हवा तापवणारा छोटा रेडिएटर) मुद्दाम वगळलेला आहे, आणि त्याचे कारण बहुधा गळती हेच असते. डॅशबोर्डखालची चटई उचलून ओल किंवा कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) गोडसर वास आहे का, ते पाहावे. कोअर बाहेर काढून त्याची दाबचाचणी झाल्याशिवाय पाइप पूर्ववत जोडू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

पाइप जागेवर असतील, तर इंजिन तापवून दोन्ही जपून चाचपावेत. एक गरम व दुसरा गार असल्यास कोअर तुंबलेला किंवा त्यात कूलंट सोडणारी झडप बंद असते. दोन्ही गरम असल्यास दोष हवेच्या झडपेत किंवा तिच्या केबलमध्ये शोधावा. दोन्ही कोमटच राहिले, तर थर्मोस्टॅट (इंजिन पुरेसे तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) आहे का ते तपासावे, कारण इंजिन तापू नये म्हणून तो काढून टाकण्याची चुकीची सवय आपल्याकडे अनेक गॅरेजांत आहे. आंबोली किंवा चोर्ला घाटातील पावसाळी धुक्यात काच स्वच्छ राहण्यासाठीही हीटर लागतो, म्हणून हे काम पावसाळ्यापूर्वी उरकावे.