कोल्टच्या .२२ कन्व्हर्जनमध्ये शिसं कमी साचावं म्हणून कोणती काडतुसं घ्यावीत?

तुमच्या १९११ वर (म्हणजे .४५ च्या पिस्तुलावर) छोटी .२२ काडतुसं झाडण्यासाठीचं कोल्टचं जुनं फ्लोटिंग चेंबरवालं किट आहे, शंभरेक गोळ्यांत स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) अडखळते, आणि रेंजवर सगळे सांगतात की साधी मेण लावलेली स्टँडर्ड व्हेलॉसिटी (बेताच्या वेगाची) वापरा. अजिबात ऐकू नका. तो सल्ला टार्गेट रायफलचा. तो या किटच्या माथी मारणाऱ्यांशी वाद घालून मी कंटाळलोय.

१९३१ चं कोल्टचं मूळ .२२ एस (Ace) पिस्तूल साधं ब्लोबॅक होतं, म्हणजे पुंगळीच्या मागच्या धक्क्यानेच स्लाइड चालायची. १९३८ च्या कन्व्हर्जनमध्ये डेव्हिड विल्यम्सचं फ्लोटिंग चेंबर आलं, म्हणजे चेंबर (काडतूस बसतं ती जागा) हा बॅरलपासून सुटा तुकडा. गोळी त्यातून बॅरलमध्ये शिरताना मधल्या फटीत वायू घुसतो, चेंबरला मागे रेटतो, आणि त्या धक्क्यावर जड स्लाइड चालते. गोळीचं शिसं खरवडलं जातं तेही त्याच फटीपाशी. चेंबरच्या तोंडावर करडा, नखाने न निघणारा थर चढतो आणि चेंबर सरकेनासं होतं. रायफलच्या अखंड बॅरलला मेण मानवतं. इथे तेच मेण काजळी धरून ठेवतं. दुखणं फटीत आणि लोक बॅरल घासत बसतात!

तेव्हा ४० ग्रेन वजनाची, गोल नाकाची, तांब्याचा मुलामा दिलेली हाय व्हेलॉसिटी (जादा वेगाची) घ्या. सीसीआय कंपनीच्या मिनी-मॅगपासून सुरुवात करा. डब्यावरचा वेग सेकंदाला १२३५ फूट, सीसीआय स्टँडर्डचा १०७०. म्हणजे चेंबर जरा चिकट झालं तरी रेटा उरतो. सीसीआयचीच स्टिंगर नको, तिची पुंगळी नेहमीपेक्षा लांब असते. मुलामा म्हणजे जॅकेट (गोळीवरचं जाड धातूचं आवरण) नव्हे, थर अगदी पातळ असतो. शिसं कमी होईल, थांबणार नाही. पटत नसेल तर सीसीआयचीच ब्लेझर आणा: वजन तेच, वेग तोच, फक्त मुलामा नाही. चेंबर लख्ख करून एकीच्या ५० झाडा, पुन्हा साफ करून दुसरीच्या ५०, आणि दोन्ही वेळा चेंबर काढून त्याचं तोंड बघा.

काडतूस कुठलंही असो, १०० गोळ्यांनंतर चेंबर बाहेर काढाच. हॉप्स नंबर ९ या बंदूक साफ करायच्या द्रावणात भिजवा, ब्राँझ ब्रशला चोअर बॉय घासणीच्या तांब्याच्या तारा गुंडाळून घासा. तारांना आधी चुंबक लावून बघा, कारण तांब्याच्या रंगाखाली पोलाद असलेल्या घासण्याही विकतात. चेंबरची बाहेरची बाजू आणि ते बॅरलमध्ये जिथे सरकतं ती खोबण लोक हमखास विसरतात. तेल नावापुरतंच. व्हिनेगर-पेरॉक्साइडच्या नादी लागू नका, त्यातून शिशाचं विषारी, विरघळणारं लवण तयार होतं.

हे सगळं फक्त फ्लोटिंग चेंबरसाठी. सीझेड कॅडेट किंवा ॲडव्हान्टेज आर्म्सच्या किटमध्ये ते नसतं. तिथे आधी मॅन्युअलमध्ये सांगितलेली काडतुसं वापरा. कॅडेटमध्ये साधी शिशाची गोळी स्लाइड नीट चालवत असेल तर मुलाम्याचे जादा पैसे घालवू नका. साफसफाई ओट्यावर करू नका, हातमोजे घाला, आणि नंतर हात साबणाने धुवा.