किडनीचा जुना आजार असेल तर हृदयाचा धोका आधी कळतो का?

बऱ्याच अंशी कळतो. वडिलांचं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो रक्तातला टाकाऊ घटक) वाढलंय, पण ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरचे निर्धास्त आहेत, असं तुम्ही लिहिलंय. ईसीजी त्या वेळचं हृदय दाखवतो, पुढच्या दहा वर्षांचं नाही. किडनीच्या कितीतरी रुग्णांना डायलिसिसची वेळ येण्याआधीच हृदयविकार गाठतो.

दोन आकडे मागून घ्या: रक्तावरून काढलेला ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज) आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण (लघवीतून किती प्रथिन जातंय ते). पहिला 60 च्या खाली किंवा दुसरा 30 च्या वर राहिला, तर धोका वाढलेला समजायचा. दुसरी तपासणी बरेचजण करतच नाहीत, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते. साध्या लघवीच्या नमुन्यावर होते. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात चौकशी करा.

हृदयाचा धोका मोजायची बरीचशी जुनी गणितं किडनी धरतच नव्हती. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं 2023 चं 'प्रिव्हेंट' हे गणित ईजीएफआर धरतं. ते वापरायला वय 30 ते 79 हवं आणि आधी हृदयविकार झालेला नसावा. ते अमेरिकेतल्या लोकांवर बेतलंय, म्हणून आकडा डॉक्टरांपुढे ठेवूनच बोला. बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी हवी का, हेही त्याच भेटीत विचारा. तांबडा-पांढरा रस्सा रविवारी थोडा चालेल का, तेही. रोजचं लोणचं-पापड मात्र आजच बंद करा.