एक फादर, तीन धर्मग्राम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा आणि शेजारचे दोन लहान धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे एका चर्चभोवतीचा भाविकसमाज) आता एकाच फादरांकडे आहेत. आपले चर्च विलीन होऊन बंद पडणार, असे लोक बोलतात. आमच्या जागेचे आणि देणग्यांचे काय होईल? – एक वाचक, मांजलपूर, वडोदरा

उत्तर : फादर एक असणे आणि धर्मग्राम एक होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धर्मगुरू कमी असले की शेजारचे काही धर्मग्राम एकाच प्रमुख धर्मगुरूंकडे देण्याची मुभा कॅनन ५२६ मध्ये (कॅनन म्हणजे कॅथोलिक चर्चच्या कायद्याचे कलम) आहे. तरीही प्रत्येक धर्मग्राम स्वतंत्रच राहतो. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यूच्या नोंदवह्या, अर्थसमिती, हिशेब, सगळे ज्याचे त्याच्याकडे. सोयीसाठी तिन्हींच्या नोंदी एकाच वहीत करू नका. पुढे कुणाला दाखला हवा असतो तेव्हा शोधाशोध होते.

विलीनीकरण फक्त बिशप करू शकतात, तेही धर्मगुरूंच्या मंडळाचे मत ऐकल्यावर (कॅनन ५१५). तसे झालेच तरी चर्चची इमारत आपोआप बंद होत नाही, त्यासाठी वेगळा निर्णय आणि गंभीर कारण लागते. एखाद्याने आईच्या स्मरणार्थ घंटेसाठी दिलेले पैसे तेव्हाही घंटेलाच लागले पाहिजेत. बिशपांच्या अशा हुकमावर हरकत असेल तर तो कळल्यापासून १० दिवसांत बिशपांकडेच लेखी फेरविचार मागावा लागतो. ते दिवस बैठकांत घालवू नका.

जागा गुजरातमध्ये नोंदलेल्या सार्वजनिक ट्रस्टच्या नावावर असेल, तर ती विकायला किंवा बिगरशेती जागा ३ वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायला चॅरिटी कमिशनरची आगाऊ मंजुरी लागते (सार्वजनिक ट्रस्टचा १९५० चा कायदा, कलम ३६).

प्रश्न : रविवारी तिन्हीकडे मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) हवी आणि खर्चही वाटून घ्यायचा आहे. कसे बसवावे? – अर्थसमितीचे एक सदस्य, वडोदरा

उत्तर : गरज असेल तर रविवारी एका धर्मगुरूंना ३ मिस्सांची परवानगी मिळू शकते. ही मर्यादा आहे, दर आठवड्याचा बेत नव्हे. शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेने रविवारचे कर्तव्य पुरे होते, म्हणून एका चर्चला शनिवारी ६.३० ची वेळ द्या, उरलेल्या दोघांना रविवारी ७ आणि ९.३० ची. मिस्सेला एक तास, नंतर लोकांशी बोलायला अर्धा तास आणि मग प्रवास. हा मधला अर्धा तास कापू नका. आशीर्वाद देऊन फादर लगेच गाडीत बसले की आजारी माणसाचा निरोप, लग्नाची बोलणी, घरातले भांडण, काहीच त्यांच्या कानावर जात नाही.

दर महिन्याला वेळा फिरवण्याची पद्धत न्याय्य वाटते, पण तिचा सगळ्यात जास्त त्रास म्हाताऱ्यांना होतो. चुकीच्या वेळी येऊन दोनदा कुलूप पाहिलेली आजी तिसऱ्यांदा येत नाही. वेळ आगमनकाळापासून (नाताळाआधीचे चार आठवडे, चर्चच्या वर्षाची सुरुवात) वर्षभर एकच ठेवा. ज्यांच्याकडे वाहन नाही त्यांची यादी करा आणि रिक्षाभाडे सामाईक खर्चात धरा.

दानपेटी प्रत्येकाची वेगळी राहू द्या, फक्त सामाईक खर्च वाटा. कुटुंबे १२० + ६० + २० असतील तर वाटा ६०, ३० आणि १० टक्के. तिघांनी सारखा वाटा घेतला तर सर्वांत लहान धर्मग्राम काही महिन्यांत मागे पडतो आणि ओशाळून बैठकीलाच येईनासा होतो. सामाईक खर्चाच्या वहीवर दर महिन्याला तिन्ही अर्थसमित्यांच्या सह्या हव्यात.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातले शेवटचे तीन दिवस मात्र एकाच चर्चमध्ये करा. गायक, वेदीसेवक, वाचक सगळे एकत्र आले की विधी भरगच्च होतो. पुढच्या वर्षी दुसरे चर्च घ्या. दृढीकरणाचा (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराचा) वर्गही एकत्र चालवा. दोन मुलांच्या वर्गात शिकवणारा आणि शिकणारे दोघेही कंटाळतात. प्रत्येक धर्मग्रामाचा सण मात्र त्याच्याच अंगणात व्हावा, बाकीचे दोघे पाहुणे.

प्रश्न : तिन्हीकडे मिळून आम्ही १७ मराठी कुटुंबे आहोत. मराठी मिस्सा मिळेल का? – एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : जादा मिस्सा मागू नका. महिन्यातली एक शनिवारची मिस्सा मराठीत व्हावी, असे फादरांना सुचवा. सोबत दोन वाचक, स्तोत्र गाणारा एक आणि मोठ्या अक्षरांत छापलेली उत्तरे तयार ठेवा. फादरांना मराठी वाचता येत नसेल तर त्यांचे भाग गुजरातीत होऊ द्या. वाचने, गीते आणि विनंत्या तुमच्या भाषेत.