होणाऱ्या बाबांचे प्रश्न

प्रश्न : पत्नीला तिसरा महिना लागलाय. ती सिकलसेलची वाहक निघाली. आता डॉक्टर माझंही रक्त तपासायचं म्हणतात. मला तर काहीच त्रास नाही. (शहादा)

उत्तर : सिकलसेल हा आई-बाबांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार. त्याचा दोष दोघांपैकी एकाकडूनच आला असेल, तर माणूस नुसता वाहक असतो. वाहकाला सहसा काही जाणवतच नाही, म्हणून तर तपासायचं. आपल्या नंदुरबार भागात हा आजार बऱ्याच घरांत आहे. तुमचा अहवाल नॉर्मल आला, तर बाळाला सिकलसेलचा आजार होणार नाही. फार तर तेही वाहक असेल. तुम्हीही वाहक निघालात, तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. पहिलं मूल निरोगी निघालं म्हणून पुढच्या वेळी ती कमी होत नाही. साध्या सोल्युबिलिटी चाचणीवर थांबू नका, वाहक की आजारी हे नेमकं सांगणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ततपासणी करून घ्या. आणि याच आठवड्यात जा. पोटातल्या बाळाची तपासणी साधारण अकराव्या आठवड्यापासून करता येते, पुढचं ठरवायला वेळ हाताशी हवा.

घरात कुणी ‘हिच्याच रक्तात खोट’ म्हणत असेल, तर त्यांना तुम्हीच थांबवा. हे काम तिच्यावर सोडू नका.

प्रश्न : सातव्यानंतर बायको माहेरी चोपड्याला जाणार. इकडे केळीची कापणी. लांबून मी काय करू? (रावेर)

उत्तर : सोडायला जाल त्याच दिवशी तिथल्या आशाताईंना भेटून तिची नोंद करा. माता-बाल संरक्षण कार्ड आणि सोनोग्राफीचे कागद तिच्या पिशवीत, त्यांचे फोटो तुमच्या मोबाइलमध्ये. सीझर कुठे होतं, रक्त कुठे मिळतं, रात्री गाडी कोण काढेल, हे सासऱ्यांबरोबर बसून ठरवा. रुग्णवाहिकेचे १०२ आणि १०८ हे नंबर घरात सगळ्यांना पाठ हवेत. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सीझर, औषधं, रक्त आणि ने-आण २०११ पासून मोफत आहे, ते हक्कानं मागा. तिचा रक्तगट निगेटिव्ह आणि तुमचा पॉझिटिव्ह असेल, तर रक्तगटाच्या फरकाचा बाळांना त्रास होऊ नये म्हणून देतात त्या २८व्या आठवड्याच्या अँटी-डी इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. रोज फोन कराच. ‘जेवलीस का’च्या जोडीला ‘बाळ फिरतंय का’ हेही विचारा.

प्रश्न : आठवा महिना आहे. चेहरा सुजलाय, डोकं दुखतं. आई म्हणते, उन्हानं होतं. (भुसावळ)

उत्तर : तुम्हाला लगेच दवाखान्यात जायला कळवलं आहेच, हे बाकीच्यांसाठी. उन्हाळ्यात पाय थोडे सुजतात, खरं आहे. पण चेहऱ्यावर सूज, न थांबणारी डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, की त्याच दिवशी बीपी मोजा. १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल तर तडक डॉक्टरांकडे. उशीर झाला तर झटके येऊ शकतात. रक्त गेलं, पाणी गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तरी सकाळची वाट पाहू नका.

प्रश्न : बाळंतपणाच्या खोलीत मला थांबता येईल का? (धुळे)

उत्तर : सरकारी दवाखान्यात सोबतीला बहुतेक बाईमाणूसच राहू देतात, कारण तिथे इतर बाळंतिणीही असतात. खासगीत आधीच विचारून ठेवा. त्याआधी बायकोला विचारा, तुम्ही तिथे हवे आहात का. आत गेलात तर कंबर चोळा, घोट घोट पाणी द्या. जोर कधी लावायचा, ते नर्सताईंना सांगू द्या.