स्वतःचा ट्रक स्वतःच चालवतो. भाडं बरं मिळतं, पण महिनाअखेर हातात काही उरत नाही. नफा कसा वाढवू?

आधी रिकामी परतफेरी बंद करा. भाडं वाढवून मागण्यापेक्षा तिथे जास्त पैसे सुटतात. मी नाशिक–वाशी लाइनवर गाडी चालवतो. रिकाम्या गाडीलाही डिझेल आणि टोल लागतोच, गाडीच्या कर्जाचा हप्ता तर थांबतच नाही. म्हणून जायचा लोड धरतानाच परतीचा माल बघून ठेवा. भाडं कमी असलं तरी डिझेल-टोल सुटून चार पैसे उरत असतील तर घ्या. गाडीतला माल उतरवायला उशीर झाला तर होल्टिंग (गाडी थांबून राहिल्याचे जादा पैसे) किती, हे बिल्टीवर (माल नेण्याच्या पावतीवर) आधीच लिहून घ्या. तोंडी बोलणं नंतर कुणी मानत नाही. मात्र ओव्हरलोड कधीच भरू नका: २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, आणि जादा माल उतरवायचा खर्चही आपल्याच माथी.