कार्ड आहे, पण थेरपीचं बिल कोण भरणार?

प्रश्न : ताई, माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, मागच्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. आठवड्यातून तीनदा ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), दोनदा स्पीच थेरपी, महिन्याचा आकडा ऐकला की घरात सगळे गप्पच होतात. आमच्याकडे आयुष्मान कार्ड आहे पण थेरपी सेंटरवाले म्हणतात इथे चालत नाही. खरंच चालत नाही की टाळतायत? दुसरं काही सरकारी आहे का?

उत्तर : टाळत नाहीयेत गं. आयुष्मानचे 5 लाख ऐकायला मोठे वाटतात, पण ते पैसे अ‍ॅडमिट झाल्यावरचे, ओपीडी त्यात बसत नाही, आणि आपल्या मुलांची थेरपी म्हणजे सगळी ओपीडीच. तुला हवी ती 'निरामय'. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेची आरोग्य विमा योजना आहे, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठीच. वयाची अट नाही, आधी मेडिकल तपासणी नाही. वर्षाला 1 लाखापर्यंत कव्हर, पण आत वेगवेगळे कप्पे आहेत आणि थेरपीचा कप्पा छोटाच, म्हणजे तुझं सगळं बिल यातून निघेल अशी आशा ठेवू नकोस, काही महिन्यांचा भार हलका होतो इतकंच. तरी सोडू नकोस, कारण फी अगदीच किरकोळ आहे.

आधी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढ, त्याशिवाय गाडी हलत नाही. ऑटिझमचं प्रमाण 'इसा' नावाच्या 40 प्रश्नांच्या चाचणीवर ठरवतात, तिथे मुलाचं "बरं" चित्र रंगवू नकोस, घरी जसं आहे तसंच सांग. मग नॅशनल ट्रस्टकडे नोंदणी असलेल्या जवळच्या संस्थेतून निरामयचा फॉर्म भर. वर्ष 31 मार्चला संपतं, नूतनीकरण विसरलीस की कव्हर गेलं, मोबाईलवर आत्ताच रिमाइंडर लाव.

पैसे आधी आपणच भरायचे आणि मग क्लेम करायचा, त्यामुळे सगळा खेळ बिलांचा. माझा पहिला क्लेम परत आला होता कारण बिलावर मुलाचं नाव "चिकू" लिहिलेलं! थेरपिस्ट लाडाने तेच म्हणायची, मीही बघितलं नाही. तेव्हापासून प्रत्येक बिलावर यूडीआयडीवरचं पूर्ण नाव, सेशनच्या तारखा, सही-शिक्का, आणि स्पीच थेरपिस्ट असेल तर आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणीचा नंबर, हे तिथेच काउंटरवर उभं राहून तपासते. "महिन्याची थेरपी" असं एका ओळीत लिहून दिलं तर घेतच नाही. डॉक्टरांची थेरपीची चिठ्ठीही जोड, झेरॉक्स घरी ठेव.

अजून एक, घरात कोणी जुन्या कर पद्धतीने रिटर्न भरत असेल तर आयकराच्या 80डीडी कलमाखाली 75,000 ची वजावट मिळते (ऑटिझमसाठी आयकराच्या ठरलेल्या नमुन्यातलं डॉक्टरी प्रमाणपत्र लागतं), अपंगत्व 80 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर 1,25,000, आणि त्यासाठी खर्चाची बिलं मोजत बसावी लागत नाहीत. मला स्वतःला निरामयपेक्षा याचाच जास्त आधार झाला, खरं सांगायचं तर.