बिजागरी सैल केल्याशिवाय प्लास्टिक चिकटवू नका

आपल्या सात वर्षांच्या लॅपटॉपचे झाकण उघडताना उजवीकडे कडकड आवाज होतो, तेथील प्लास्टिक उचकटते आणि दुकानदाराने संपूर्ण बॉडी बदलायला सांगितले आहे, असे आपण लिहिले आहे. इतका खर्च करण्याआधी घरी दुरुस्ती करून पाहावी, असे माझे मत आहे. मात्र तुटलेला भाग चिकटवण्याची घाई करू नये, कारण मूळ दोष बिजागरीत असतो. वर्षानुवर्षांच्या धुळीने आणि आतील ग्रीस सुकल्याने ती जड होते आणि झाकण उचलताना सगळा जोर प्लास्टिकमध्ये बसवलेल्या छोट्या पितळी नटांवर येऊन ते उपटून निघतात. मी पहिल्यांदा नुसता फेविक्विक लावला होता. तो पंधरा दिवसही टिकला नाही, कारण तो गोंद कडक असला तरी ठिसूळ असतो आणि वारंवारचा ताण त्याला सोसत नाही.

लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा, मागचे झाकण उघडताच प्रथम बॅटरीची पिन सोडवावी आणि बॅटरी फुगलेली दिसली तर तिला न टोचता, न दाबता काम तेथेच थांबवून ती आधी बदलून घ्यावी. स्क्रू कमी-जास्त लांबीचे असल्यामुळे कागदावर आकृती काढून ज्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवावेत. नागपूरच्या मे महिन्यात हे काम कूलरच्या झोतात करण्याचा मोह होतो, पण उघड्या मदरबोर्डवर पाण्याचे तुषार उडू नयेत म्हणून मी तो तेवढ्यापुरता बंद ठेवतो.

आता बिजागरीच्या टोकाचा नट पान्याने पाव-पाव फेरा सैल करावा. झाकण सहज फिरावे, तरी हव्या त्या कोनात थांबावे, इतपतच. काही बिजागऱ्यांना नट नसून रिव्हेट, म्हणजे ठोकून कायमचा बसवलेला खिळा असतो आणि तो असा सैल करता येत नाही. तशी असल्यास सीताबर्डीच्या बाजारात लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक सांगून बिजागऱ्यांची जोडी शोधावी.

चिकटवण्यासाठी दोन ट्यूबांचे सावकाश वाळणारे अराल्डाइट घ्यावे, कारण पाच मिनिटांत घट्ट होणारा प्रकार तुलनेने कमकुवत असतो. प्लास्टिक पॉलिश पेपरने खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे, उपटलेल्या पितळी नटाच्या आट्यांत गोंद शिरू नये म्हणून स्क्रूला व्हॅसलिनचे बोट लावून तो नटात फिरवावा आणि मगच नट जागेवर बसवून भोवती मिश्रण भरावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मिश्रण लवकर घट्ट होऊ लागते, त्यामुळे थोडे थोडेच कालवावे. त्यानंतर पूर्ण २४ तास हात लावू नये. माझी बहुतेक फसलेली कामे याच टप्प्यावर बिघडली आहेत.

स्क्रीनची केबल बिजागरीजवळूनच जाते. शेवटचे स्क्रू आवळण्यापूर्वी झाकण दोन-तीनदा हळूच उघडून ती कोठे चिमटत नाही ना, हे पाहावे.